मांडो बेटाची चौकशी

देवणीच्या पेठेत मडिवाळप्पांचं दुकान शोधावं लागत नाही. दाराला म्होरक्या, कासरे, घुंगुरमाळा आणि लाल गोंडे इतके टांगलेले असतात, की आत मालक आहे की नाही हे वाकून बघावं लागतं. मालक असतातच. वय साठीच्या पुढं, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरचा काहीतरी लपवतोय हे त्यांना कळलंय, पण त्यांना घाई नाही.

बैलाचा साज विकणं हा त्यांचा धंदा. तालुक्यात त्यांचं नाव मात्र वेगळ्या कामासाठी घेतात. मुलीला स्थळ आलं की मुलीचा बाप आधी या दुकानात येतो, एखादा कासरा उगाच हातात घेऊन बघतो आणि म्हणतो, "आप्पा, तेवढं गाव बघून या."

गाव बघायचं, मुलगा नाही. मुलगा बघायला सगळेच जातात. मडिवाळप्पांचं म्हणणं असं, की दोन तास कुठलाबी पोरगा शहाणा राहू शकतो, गावाला ते जमत न्हाई. म्हणून ते बैल घ्यायचा बहाणा करून त्या गावाला जात आणि एका चहापासून दुसऱ्या चहापर्यंत बसून राहत. बायका पाणी किती लांबून आणतात ते बघत. गिरणीवर टेकत. मुलाच्या घरी पाऊलसुद्धा टाकत नसत. शेवटी भावकीतला भांडलेला माणूस शोधून काढत. बांधावरून, पाइपलाइनवरून, कशावरून का होईना, पण त्या घराशी न बोलणारा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याच्याजवळ बसायचं. वैऱ्यालाही जे वाईट सापडत नाही, तेवढं घर चांगलं, असा त्यांचा हिशेब.

बाकी सगळ्याला त्यांच्याकडं तडजोड होती. एका गोष्टीला नव्हती. ओढ्यापलीकडं मुलगी द्यायची नाही. पावसाळ्यात ज्या गावाचा रस्ता पाण्याखाली जातो, ते गाव बाद. मग मुलगा कलेक्टर असला तरी. एका गावच्या सरपंचानं पुलाच्या मागणीच्या अर्जात 'गावातील मुलांची लग्ने जमत नाहीत' असं कारण घातलं होतं. पूल मंजूर झाला. मडिवाळप्पा उद्घाटनाला गेले नाहीत, पण पुढच्याच महिन्यात त्या गावातलं एक स्थळ त्यांनी पास केलं.

या नियमामागं त्यांची धाकटी बहीण केवळा होती. तिचं सासर ओढ्यापलीकडं. भाद्रपदातल्या एका दुपारी तिचे मालक संगमेश्वर यांच्या छातीत दुखायला लागलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून त्यांना ओढ्यापर्यंत आणलं. ओढ्यात घातलेल्या फरशीच्या रस्त्यावरून पाणी चाललं होतं. ते उतरलं तेव्हा दिवस मावळला होता आणि घाई संपली होती. मडिवाळप्पांनी बहिणीला आणि तिच्या लहान अंबिकेला देवणीला आणलं. आणि त्यानंतर ओढे बघायला लागले.

आता स्थळ आलं होतं ते याच अंबिकेला.

अंबिका लातूरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. मुलगा रविकिरण देगलूरचा, विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन डेन्मार्कला गेलेला. मडिवाळप्पा रीतीप्रमाणं देगलूरला जाऊन आले. घर बरं होतं, भावकी बरी होती, मुलाचे वडील बसलिंगप्पा जरा जास्त बोलत होते. पण मुलगी काही देगलूरला राहणार नव्हती. ती जिथं राहणार ते गाव बघायचं, आणि ते गाव समुद्रातल्या एका बेटावर होतं.

अंबिका शनिवारी दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"मामा, मी त्याच्याशी चार महिने झालं बोलायलेय. मला पसंत हाय."

"मग माझ्याकडं कामून आलीस?"

"माझी अव्वा तुमच्या होकाराशिवाय हाव म्हणणार न्हाई. आनी तिच्या हावशिवाय मी म्हणणार न्हाई."

"म्हंजे मी हाव म्हणावं."

"न्हाई. तुम्ही नीट बघा. उगं माझ्यासाठी खोटं म्हणू नका. तुम्ही खोटं बोलताना चष्मा पुसता, अव्वाला कळतंय."

मडिवाळप्पांनी पुसत असलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

समोरच्या टपरीवरून ग्यानोबा दोन चहा घेऊन आला. त्याला सगळं ऐकू आलेलं होतं, कारण तो ऐकायलाच उभा होता.

"आप्पा, डेन्मार्कला बस कुठनं हाय?"

"उदगीरहून," मडिवाळप्पा म्हणाले. "तू बस, मी सांगतो."

रविवारी दुपारी केवळाच्या घरी फोन लावला. धान्याच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. मडिवाळप्पा समोर मांडी घालून बसले, केवळा भिंतीला टेकून, अंबिका दारात. पडद्यावर रविकिरण आला. स्वेटर घातलेला, अंगानं बारीक, आणि परीक्षेला बसल्यासारखा ताठ.

"नमस्कार मामा."

"नमस्कार. गावाचं नाव?"

"मांडो."

"तालुका?"

रविकिरणला हे अपेक्षित नव्हतं. "जवळचं मोठं गाव रिबे. फार जुनं आहे, मामा. बाराशे-तेराशे वर्षांचं."

"रिबेचं न्हाई विचारलं. मांडोची वस्ती किती?"

"तीस-पस्तीस."

"हजार?"

"माणसं."

मडिवाळप्पांनी केवळाकडं बघितलं. केवळा पंख्याकडं बघत होती.

"बाकीची कुठं गेली?"

"शहरात. शंभर-सव्वाशे वर्षांखाली अडीचशेपर्यंत होती. शाळा होती, तिच्यात शेवटी एकच पोरगं उरलं. मग बंद झाली."

"दुष्काळ?"

"नाही. नोकऱ्या."

हे कारण ओळखीचं निघालं. देवणी तालुक्यातल्या निम्म्या वाड्यांचं तेच कारण होतं. मडिवाळप्पा पुढं सरकले.

"प्यायचं पाणी?"

"नळ आहे. चोवीस तास."

केवळानं लेकीकडं बघितलं. अंबिकेच्या लातूरच्या खोलीवर नळ कितव्या दिवशी येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मडिवाळप्पांनी हे पहिलं खोटं म्हणून मनात बाजूला ठेवलं.

"जमीन कशी हाय?"

"वाळू आणि गाळ. सगळं सपाट, टेकडी म्हणावं असं काही नाही. भोवती मातीचा मोठा बांध आहे, समुद्र आत येऊ नये म्हणून. त्याच्यावर गवत, गवतावर मेंढ्या. झाडं थोडी. वारा लई."

"ज्वारी?"

"नाही येत."

"मग गाव बसवलं कशासाठी?"

"मासे, जहाजं. पुरुष जहाजांवर जायचे, वर्ष वर्ष यायचे नाहीत. शेती, गुरं, बांधाची डागडुजी, सगळं बायका करायच्या."

"आपल्याकडं पुण्याला जातेत तसं," केवळा भिंतीला टेकूनच म्हणाली. तेवढंच.

"जमिनीचा मालक कोण?"

"आधी राजा होता. पावणेतीनशे वर्षांखाली राजाकडून गावकऱ्यांनीच अख्खं बेट विकत घेतलं."

"राजानं दिलं?"

"विकलं."

मडिवाळप्पांनी मान हलवली. इकडं निजामाला हे कुणी विचारलं होतं की नाही, यावर त्यांनी थोडा विचार केला.

"देऊळ?"

"चर्च आहे, बारकं. आत छताला लाकडी जहाज टांगलंय. दर्यावर गेलेल्या माणसांसाठी."

"मयत?"

"पुरतात, मामा."

"आपल्या लिंगायतांसारखं." फोन लावल्यापासून त्या बेटाला मिळालेला हा पहिला गुण होता. "गाव किती जुनं?"

"बेटावर लोक फार आधीपासून आहेत. पण जुनं गाव साडेचारशे वर्षांखाली वादळात समुद्रानं नेलं. मग पलीकडच्या बाजूला नवं बसवलं. तिथं एक खांब आहे, कोणत्या वादळात पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा आहेत त्याच्यावर. वरची खूण माझ्या डोक्याच्या लई वर आहे."

केवळा भिंतीपासून सरळ झाली.

मडिवाळप्पा हातानंच तिला थांब म्हणाले. आता त्यांचा खरा प्रश्न होता. बाकी सगळं त्यांनी या प्रश्नापर्यंत यायला विचारलं होतं.

"रस्ता?"

रविकिरणनं खाली बघितलं, मग परत वर. "मुख्य जमिनीपासून बेटापर्यंत पाच-सहा किलोमीटर खडीचा रस्ता आहे. समुद्राच्या तळावरून. पाणी ओसरलं की रस्ता मोकळा, भरती आली की पाण्याखाली."

"पावसाळ्यात."

"रोज. दिवसातून दोनदा."

अंबिका दारातून आत आली नाही, बाहेरही गेली नाही. तिला हे माहीत होतं; ते मामाला सांगितलेलं ऐकायची वेळ मात्र आता आली होती.

"पुलाचं काय?"

"पूल नाही."

"अर्ज केलाव का?"

"लोकांना नको असेल, मामा. कोण जाणे. ट्रॅक्टर आहेत. मोठ्या चाकाचे, मागं बस जोडलेली. त्यांनी पाहुणे येतात."

"आनी तुम्ही तिथं कामून ऱ्हाता?"

"मी पाण्याची पातळी मोजतो. भरतीचं काम आहे माझं."

"विष्णुपुरीला धरण हाय की. तिथलं पाणी कुणी मोजून संपवलं का?"

यावर रविकिरणकडं उत्तर नव्हतं, आणि मडिवाळप्पांना ते आवडलं. उत्तर नसताना जो बोलतो त्याचं स्थळ ते तिथंच सोडतात. म्हणून त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"गावात तुमचं कुणाशी पटत न्हाई?"

"माझं?" रविकिरणनं विचार केला. "शेजारच्या इंगरबाईंशी."

"पुढच्या रविवारी तिला फोनवर आणा."

"मामा, ती माझ्याशी बोलतच नाही."

"म्हणूनच."

तो आठवडा मडिवाळप्पांनी दुकानात कसाबसा काढला. ग्यानोबानं ही बातमी पेठभर पोहोचवली होती. येणारा प्रत्येक जण विचारत होता, की आप्पा, रोज दोनदा रस्ता बुडतो ते गाव तुम्ही अजून बाद कसं केलं न्हाई. मडिवाळप्पा म्हणत, "चौकशी चालू हाय." आणि म्होरकीला गाठ मारत.

रविवारी सगळे पुन्हा डब्यासमोर बसले. पडद्यावर सत्तरी ओलांडलेली एक बाई होती. पांढरे केस आखूड कापलेले, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, चेहरा मडिवाळप्पांच्या चेहऱ्यासारखाच. ती इंग्रजी थोडं बोलत होती. आता भाषांतर कोण करणार, हा पेच उभा राहिला.

"पाहुणे करणार न्हाईत," मडिवाळप्पा म्हणाले. "त्यांचीच चौकशी हाय."

"मग मी करते," अंबिका म्हणाली.

"तूबी त्यातलीच."

"मामा, तिसरं कुणी न्हाई इथं."

"कर. केवळा, तू हिच्या तोंडाकडं बघत ऱ्हा."

केवळा लेकीसमोर येऊन बसली. चौकशी सुरू झाली.

"विचार, हा माणूस कसा हाय."

अंबिकेनं विचारलं. इंगरबाई न थांबता बोलल्या.

"म्हणतीय, फाटक उघडं ठेवतो. मेंढ्या बाहेर जातात. किती वेळा सांगितलं."

"बरं."

"स्वयंपाकाचा वास लई चांगला येतो म्हणतीय. कधी दिलं न्हाई."

पडद्याच्या कडेला रविकिरणचा अर्धा चेहरा दिसत होता. तो खाली गेला.

"दारू? आरडाओरडा?"

"न्हाई म्हणतीय. गाणी म्हणतो, पण हळू."

"आणिक?"

इंगरबाई बोलत राहिल्या. यावेळी लांब बोलल्या, हातानं दूर काहीतरी दाखवत. अंबिका ऐकत होती आणि काहीच सांगत नव्हती.

"काय म्हणली?"

"काय न्हाई."

"हिचं तोंड बदललं, अण्णा," केवळा म्हणाली.

अंबिकेनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "म्हणतीय, मागच्या हिवाळ्यात ह्यानं पाण्याची वेळ चुकवली. गाडी घेऊन रस्त्यावर आला, अर्ध्यात गाडी बंद पडली. पाणी चढायलतं. हिनं ट्रॅक्टर नेऊन ह्याला आणलं. गाडी गेली. तवापासून ती ह्याच्याशी बोलत न्हाई."

"तुला ठाऊक होतं?"

"न्हाई."

मडिवाळप्पांनी पडद्याकडं बघितलं. "पाहुणे, हिकडं या."

रविकिरण पूर्ण चेहऱ्यानं आला.

"हे तुम्ही सांगितलं न्हाई."

"तुम्ही रस्त्याचं विचारलंत, मामा. रस्त्याचं सगळं..." तो थांबला. "नाही. लाज वाटली. पाणी मोजायची नोकरी, आणि मीच पाण्यात अडकलो. दहा मिनिटांत निघेन म्हणालो होतो, फोनवर बोलत बसलो."

"कुणासंगं?"

रविकिरणनं सांगितलं नाही. अंबिकेनं मनात महिने मोजले; तो हिवाळा त्यांचं बोलणं सुरू व्हायच्या आधीचा निघाला. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं, पण लपवल्याचा राग लगेच परत जागेवर आला.

मडिवाळप्पांनी चष्मा डोळ्यांवरच ठेवला. "माझं न्हाई," ते म्हणाले. "पोरगा वाईट म्हणत न्हाई मी. पण ह्या रस्त्यावर न्हाई. अंबिके, ठेव फोन."

अंबिकेनं हात पुढं केला. डोळ्यांत पाणी नव्हतं. मामानं नीट बघावं असं तिनंच सांगितलं होतं, आणि मामानं बघितलं होतं. तिला आता काही म्हणायला जागा उरली नव्हती.

"थांब," केवळा म्हणाली. "ठेवू नको. त्या बाईला विचार, ती कशी काय गेली पाण्यात. भ्या वाटलं न्हाई का म्हणावं."

अंबिकेनं विचारलं. इंगरबाईंना प्रश्न विचित्र वाटला असावा, कारण त्यांनी तो परत विचारायला लावला. मग उत्तर दिलं.

"म्हणतीय, भ्यायचं काय. पाणी ट्रॅक्टरच्या चाकावर चढायला किती वेळ हाय, हे तिला ठाऊक होतं. जाऊन यायला पुरत होता, म्हणून गेली. पुरत नसता तर गेली नसती, हेलिकॉप्टर बोलावलं असतं. ती काय येडी न्हाई म्हणतीय."

केवळा बराच वेळ त्या रबरी बुटांकडं बघत बसली.

"अण्णा, ओढ्यावर त्या दिवशी तीस-चाळीस माणसं होती."

"केवळा, ते राहू दे."

"मोप माणसं होती, आनी समदे म्हणायलते, आता उतरंल, आता उतरंल. मीबी म्हणायलते. वरच्या अंगानं लांबचा रस्ता होता. शिवारातनं, दोन गावं फिरून. दोन तास लागले असते, लई तर अडीच. कुणी तरी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की दिवस बुडेस्तोवर हे पाणी उतरत न्हाई, तर मी तवाच ट्रॅक्टर माघारी फिरवला असता. कुणाला ठाऊकच नव्हतं. म्हणून समदे उभे." तिनं पदर नीट केला. "मला पाण्याचं भ्या न्हाई, अण्णा. मला त्या 'आता उतरंल'चं भ्या हाय."

"मी इतकी वर्षं ओढे बघून स्थळं मोडली," मडिवाळप्पा म्हणाले.

"मी सांगितलं होतं का मोड म्हणून?"

मडिवाळप्पा मांडी बदलून बसले. केवळा डब्याजवळ सरकली आणि पहिल्यांदाच मुलाशी बोलली.

"पाहुणे. उद्या पाणी कवा चढतंय?"

रविकिरणनं वेळ सांगितली. सकाळची आणि संध्याकाळची.

"परवा?"

"पाऊण-एक तास उशिरा."

"पुढच्या संक्रांतीला?"

त्यानं बाजूला बघून दोन मिनिटं घेतली आणि तीही सांगितली.

"कस्काय ठाऊक?"

"चंद्रावरून, मावशी."

"आनी चंद्र चुकला तर?"

"चंद्र चुकत नाही. वादळ चुकवतं. वादळात पाणी वेळेआधी येतं, उतरत पण नाही. पण त्याचं आधीच कळवतात, मग कुणी निघत नाही. आणि कुणाला काही झालं आणि हेलिकॉप्टरलाही येता आलं नाही, तर..." त्यानं सरळ केवळाकडं बघितलं. मग म्हणाला, "तर थांबावं लागतं, मावशी. खोटं कशाला सांगू."

केवळानं मान हलवली. इतक्या वर्षांत तिला थांबण्याबद्दल कुणी एवढं सरळ सांगितलं नव्हतं.

"अण्णा, हाव म्हण."

"मी न्हाई म्हणून बसलोय की."

"मग बस. मी म्हणते. हाव."

अंबिका आईकडं बघत राहिली, मग एकदम फोनकडं वळली. "गाडीचं मला सांगायला काय झालतं?"

"सांगणारच होतो."

"कधी? गाडी घ्यायला निघालो असतो तवा?"

पडद्यावर इंगरबाई अजून बसलेल्याच होत्या. त्यांनी विचारलं, काय चाललंय. अंबिकेनं सांगितलं, लग्न ठरलं. इंगरबाईंनी रविकिरणकडं पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, की मग आता फाटक लावायला दोन माणसं होतील.

पेठेत बातमी पोहोचायला सोमवारची दुपार पुरली.

"आप्पा, हाव म्हणलाव म्हणे."

"मी न्हाई म्हणलोय. केवळानं हाव म्हणली."

"म्हंजे नियम मोडला?"

"मी कुठं मोडला. मी न्हाईच म्हणलोय."

पण ज्या गावात आपण एका चहापासून दुसऱ्या चहापर्यंत बसलो नाही, त्या गावात घरची मुलगी चालली आहे, हे त्यांना पचेना. गुरुवारी त्यांनी स्वतः रविकिरणला फोन केला आणि त्या दिवशी पाणी किती वाजता उतरतं ते विचारून घेतलं. म्हणाले, पाहुणे, फोन रस्त्याकडं तोंड करून एखाद्या खांबावर ठेवा, आणि तुम्ही तुमच्या कामाला जा. बोलायचं काही नाही.

रविकिरणनं बांधावरच्या कुंपणाच्या खांबाला फोन बांधला आणि गेला. मडिवाळप्पांनी आपला फोन गल्ल्याला टेकवला. पडद्यावर करडं पाणी होतं, वर करडं आभाळ, आणि पाण्यातून रांगेनं वर आलेल्या काठ्या. त्या रस्त्याच्या कडेच्या असाव्यात, असं त्यांनी ठरवलं. मधूनच एक मेंढी आली, फोनच्या अगदी जवळ तोंड आणून गेली. ग्यानोबा चहा ठेवून उभाच राहिला.

एक शेतकरी म्होरकी घ्यायला आला. देवणी वळूसाठी, चांगली रुंद पाहिजे होती. मालक उठत नाहीत म्हटल्यावर त्यानंही वाकून बघितलं.

"कुठला ओढा हाय हो, आप्पा?"

"भाचीच्या गावचा."

शेतकऱ्यानं पाण्याकडं बघितलं, जसं या भागात सगळेच बघतात, आणि ज्या आवाजात सगळेच विचारतात त्याच आवाजात विचारलं, "उतरंल का?"

मडिवाळप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग पडद्यावरच्या काठ्यांकडं.

"अजून वीस मिनिटं," ते म्हणाले. "बस. चहा घे तवर."